कंबरेचं माप, कडेचं माप

कायाकच्या कॉकपिटचं तोंड साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद असतं. त्यावर फूटभर उंचीचं पाणी उभं राहिलं, तर त्याचं वजन शंभर किलोच्या घरात जातं. धबधब्याखाली किंवा मोठ्या लाटेत हे पाणी नुसतं उभं राहत नाही, वरून आदळतं. तो मार झेलायला तिथे असतं तीन-चार मिलिमीटर जाडीचं, कडेवर ताणून बसवलेलं रबरी कापड: स्प्रे स्कर्ट. ते जागेवर राहिलं, तर होडी आतून कोरडी राहते, आणि उलटली तरी माणूस आतूनच वल्ह्याच्या झटक्याने तिला पुन्हा सरळ करतो. ते निघालं, तर पाणी आत घुसतं आणि मग होडी वळत नाही, उठत नाही, नदी नेईल तिकडे जाते.

या खेळावर लिहिणारे होडीवर लिहितात, वल्ह्यावर लिहितात, नदीवर तर भरभरून लिहितात. मला या कापडावर लिहायचं आहे. त्यातही, ज्या होडीसाठी ते नीट मापाचं मिळणं सगळ्यांत अवघड, त्या होडीच्या कापडावर. ती होडी म्हणजे सी-वन, एका माणसाची, वरून बंद असलेली कॅनो.

लांबून पाहिलं तर सी-वन कायाकसारखीच दिसते. फरक आत आहे. कायाकमध्ये माणूस पाय पुढे पसरून जवळजवळ तळाला टेकून बसतो आणि दोन पात्यांचं वल्हं चालवतो. सी-वनमध्ये तो गुडघ्यांवर असतो. पार्श्वभाग सॅडल नावाच्या फोमच्या ठोकळ्यावर, मांड्यांवरून पट्टे आवळलेले, हातात एकाच पात्याचं वल्हं. जुन्या पद्धतीत हात बदलायचे नसतात. पलीकडच्या बाजूला पाणी कापायचं असेल, तर कमरेतून पुरतं वळून वल्हं होडीवरून पलीकडे न्यायचं. याला क्रॉस-बो म्हणतात. उत्तम वल्हवणारा हे करताना पाहणं हा डोळ्यांचा सोहळा आहे: खालचं अंग होडीला जखडलेलं, वरचं अंग काटकोनात वळलेलं, आणि या दोहोंच्या मधे, सगळा पीळ सोसत, तो स्कर्ट.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कॅनो स्लॅलम ही खळाळत्या पाण्यातली शर्यत पहिल्यांदा आली. शर्यती ऑग्सबुर्गच्या कृत्रिम प्रवाहात झाल्या आणि सी-वन पहिल्या दिवसापासून त्यात होती. पण पुरुषांसाठीच. खेळ पुढे वीस वर्षं ऑलिंपिकबाहेर राहिला आणि १९९२ ला बार्सिलोनात परतला. फ्रान्सच्या टोनी एस्तांगेने २०००, २००४ आणि २०१२ अशी तीन सुवर्णपदकं याच होडीत मिळवली. बायकांना मात्र सी-वनसाठी थेट २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत थांबावं लागलं. ते पहिलं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सचं. इतका उशीर व्हायला काहीही सबळ कारण नव्हतं असंच मला वाटतं.

या कापडाचं मूळ युरोपात नाही, ग्रीनलंडमध्ये आहे. तिथल्या इनुइट शिकाऱ्यांकडे त्याचे दोन प्रकार होते. अकुइलिसाक हा अर्धा, कॉकपिटपासून छातीपर्यंत येणारा. तुइलिक हा टोपीसकट पूर्ण अंगरखा, चेहऱ्याभोवती आणि मनगटांशी आवळलेला, खालचा घेर कॉकपिटच्या लाकडी कड्यावर वादीने ताणून बसवलेला. बर्फाळ समुद्रात होडीतून बाहेर पडणं म्हणजे मरण, त्यामुळे उलटलेली होडी आतूनच सरळ करणं ही तिथे चैन नव्हती, गरज होती. सीलचं कातडं बायका शिवत. धागा प्राण्याच्या स्नायुबंधाचा. सुई कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून न्यायची, आरपार जाऊ द्यायची नाही, म्हणजे शिवणीतून पाणी झिरपायला भोकच उरत नाही. आज नियोप्रीनच्या चांगल्या स्कर्टची शिवण याच तत्त्वावर असते. आधी दोन कडा चिकटवायच्या, मग वाकड्या सुईने वरच्या थरातूनच टाके घालायचे.

त्या बायकांकडे आणखी एक गोष्ट होती, जी आजच्या कारखान्यांकडे नाही. ज्या माणसासाठी शिवायचं तो समोर होता आणि त्याची होडीही समोर होती. होडी स्वतःच त्याच्या अंगाच्या मापाने बांधलेली असे. आज होडी एका देशात बनते, स्कर्ट दुसऱ्या देशात, आणि अंग तिसरीकडे असतं. मापाचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

१९२७ मध्ये पावलाटा नावाच्या ऑस्ट्रियन कायाकवाल्याने उलटलेली होडी आतूनच सरळ करण्याची ग्रीनलंडची ती रीत युरोपात करून दाखवली. १९३० मध्ये अमेरिकेत ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत नियोप्रीन तयार झालं. ओढलं की ताणलं जातं, सोडलं की मूळ मापावर येतं, पाण्यात सडत नाही. कॅनव्हास आणि रबर लावलेल्या कापडाचे स्कर्ट त्यानंतर हळूहळू मागे पडले. नायलॉनचे आजही मिळतात, शांत पाण्यावर पुरतात. खळाळत्या नदीत नियोप्रीनला पर्याय नाही.

स्कर्टचे भाग मोजकेच. कंबरेभोवतीचा नळा म्हणजे टनेल, होडीवर पसरणारा सपाट भाग म्हणजे डेक, आणि डेकच्या कडेने जाणारी पकड. ही पकड दोन तऱ्हांची. एकीत कडेच्या शिवणीत जाड इलॅस्टिकची दोरी असते, तो स्कर्ट चढवायला-काढायला सोपा. दुसरीत भरीव रबराची पट्टी असते, तिला रँड म्हणतात. ती कुकरच्या रिंगसारखी कडेखालच्या खाचेत जाऊन बसते आणि वरून पाणी कितीही आदळलं तरी आत ढकलली जात नाही. उंच धबधबे उतरणारे रँडच पसंत करतात आणि नवा रँड चढवताना बोटांची सालं काढून घेतात.

चढवण्याची रीत ठरलेली आहे. आधी टनेल अंगात घालून वर ओढायचा, पँटच्या कंबरेवर नाही, खालच्या बरगड्यांपर्यंत. कापड पाण्यात भिजवून घ्यायचं, कोरडं नियोप्रीन हट्टी असतं. आत बसल्यावर मागची कड आधी लावायची, मागे रेलून, हात पाठीमागे नेऊन, न बघता. मग दोन्ही कोपर कडेवर दाबून ती मागची बाजू निसटू न देता पुढची कड दोन मुठींत धरून खेचायची आणि कॉकपिटच्या पुढच्या टोकाशी खाली दाबायची. बाजू शेवटी. पुढची पट्ट्याची कडी, जिला ग्रॅब लूप म्हणतात, ती बाहेर आहे ना, हे हाताने चाचपून बघायचं. ती आत अडकली असेल, तर उलटल्यावर स्कर्ट काढायला धरण्याजोगं काहीच सापडत नाही. म्हणून जाणते लोक दुसऱ्याचीही कडी बघतात, न विचारता.

कायाकवाल्याचं मापाचं काम दोन आकड्यांत भागतं. टनेल अंगाच्या घेराप्रमाणे, डेक होडीच्या मॉडेलप्रमाणे. बनवणाऱ्यांचे तक्ते असतात, होडीचं नाव शोधा, समोर माप लिहिलेलं. सी-वनवाल्याला तो तक्ता बहुधा उपयोगी पडत नाही. त्याची होडी एक तर हाताने बनवलेली काचतंतूची किंवा कार्बनची, नाहीतर प्लॅस्टिकच्या कायाकमधली बैठक काढून सॅडल बसवलेली. पहिलीचं कॉकपिट लहान आणि गोलसर, कड पातळ. जाड रँड तिथे नीट धरत नाही. दुसरीला कायाकचा स्कर्ट कडेवर अगदी बरोबर बसतो, पण अंगावर बसत नाही. माणूस कायाकपेक्षा वीतभर उंचावर असतो. डेक सपाट राहण्याऐवजी कंबरेकडे चढत जातो आणि बसल्याक्षणापासून कडेला वर ओढत राहतो. कायाकच्या स्कर्टमध्ये टनेल मागच्या बाजूला असतो, कारण कायाकमध्ये माणूस कॉकपिटच्या मागच्या टोकाला असतो. गुडघ्यांवरचा माणूस त्यापेक्षा पुढे असू शकतो. मग पुढे कापडाच्या सुरकुत्या, मागे ताण. त्यात क्रॉस-बोचा पीळ पडला की मागची कड सुटते, आणि नेमकी तेव्हा सुटते जेव्हा खाली खडक असतो.

म्हणून सी-वनचा स्कर्ट घेताना मी टनेलची उंची आणि जागा आधी बघेन, घेर मागून. टनेल उंच हवा, वळताना बरगड्यांवरून घसरू नये इतका. आणि घट्टपणा असा, की खोल श्वास घेता यावा. दुकानात उभं राहून घालून बघितलेल्या स्कर्टला काही अर्थ नाही. सॅडलवर गुडघे टेकून, कड लावून, दोन्ही बाजूंना पूर्ण वळून बघावं. आणि मग काढून बघावं, एका हाताने. घट्ट हवा आणि सहज निघायलाही हवा, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि दोन्ही जिवाच्या आहेत. आंतरराष्ट्रीय स्लॅलमच्या नियमांतही वल्हवणाऱ्याला होडीतून तत्काळ सुटता आलं पाहिजे अशी अट आहे. सी-वनमध्ये तर सुटण्याचे टप्पे जास्त. कडी ओढून स्कर्ट सोडवला तरी मांडीवरचे पट्टे सोडून गुडघे बाहेर काढायचे असतात, आणि पाय तोवर बधीर झालेले असू शकतात.

आपल्याकडे हा स्कर्ट दिसतो तो कोलाडला, कुंडलिकेवर. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरून तिथे येतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट निघतात आणि त्यांच्यासोबत बचावासाठी कायाकवाले असतात, कमरेला स्कर्ट. सी-वन बघायची तर नर्मदेवर महेश्वरला जावं. अहिल्याबाईंच्या घाटांपासून जवळच सहस्रधारेच्या खडकांतून नदी फुटते आणि तिथे २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांचं स्लॅलम झालं. तिथल्या मुलामुलींना मापाचे स्कर्ट मिळावेत असं मला मनापासून वाटतं. आपल्या उन्हात नियोप्रीन लवकर कडक होतं आणि कोकणच्या पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा सावलीत, वाऱ्यावर, स्कर्ट उलटा करून वाळवणं हेही माप टिकवण्याचंच काम आहे.

बनवणाऱ्याच्या तक्त्यात होडी नसेल, तर कडेचा साचा करून त्याला पाठवणं हा खात्रीचा मार्ग. मोठा जाड कागद कॉकपिटवर पसरावा, वरून जड पुस्तकं ठेवावीत आणि कडेच्या बाहेरच्या अंगाने, खालून पेन्सिल टेकवत रेघ ओढावी. कडेचा ओठ किती बाहेर येतो ते चार ठिकाणी मोजून लिहावं. सॅडलवर बसलेल्या अवस्थेत कंबर कागदावर कुठे येते तिथे खूण करावी, आणि होडीच्या कडेपासून बरगडीपर्यंतची उंची शेजारी लिहावी. गोलसर कॉकपिटची पुढची बाजू कोणती हे नुसत्या रेघेवरून कळत नाही, म्हणून बाण काढून ‘नाक इकडे’ असं ठळक लिहावं.