दोन इंटरनेट लाइन आणि चुकलेला परतीचा रस्ता

छोटी ऑफिसं, दवाखाने, क्लासेस, हल्ली कित्येक घरंसुद्धा दोन कंपन्यांची इंटरनेट कनेक्शनं घेतात. एक गेलं तर दुसरं आहेच, हा त्यामागचा हिशोब. मग लिनक्सवर चालणारा राउटर बसतो, कॅमेरे एका लाइनवर आणि बाकीचं काम दुसरीवर अशी वाटणी होते, आणि तक्रारी सुरू होतात. बाहेरून कॅमेरा दिसत नाही, बँकेची साइट मध्येच लॉगआउट करते, नेट चालू असून फोन लागत नाही. दोष कंपनीच्या माथी मारला जातो. खरं कारण बहुतेक वेळा आपल्याच राउटरमध्ये असतं, आणि ते सापडत नाही याला काही पक्के बसलेले गैरसमज जबाबदार आहेत.

सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की विनंती ज्या लाइनवरून आली त्याच लाइनवरून उत्तर परत जातं. तसं आपोआप होत नाही. साधं राउटिंग फक्त पॅकेट कुठे जायचंय एवढंच बघतं. ते कुठून आलं याची त्याला फिकीर नसते. समजा, पहिल्या कंपनीने २०३.०.११३.१० हा पत्ता दिलाय आणि दुसरीने १९८.५१.१००.१०. बाहेरून कुणी दुसऱ्या पत्त्यावर कॅमेरा उघडला. पॅकेट आत आलं, कॅमेऱ्याने उत्तरही दिलं. पण राउटरचा डिफॉल्ट रूट पहिल्या लाइनवर आहे. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा पत्ता घेऊन ते उत्तर पहिल्या कंपनीच्या तारेवरून निघालं, आणि तिथेच टाकून दिलं गेलं. यात कंपनीचं काही चुकत नाही. ग्राहकाला न दिलेला पत्ता घेऊन आलेलं पॅकेट पुढे सोडू नये, ही शिफारस २००० सालच्या आरएफसी २८२७ मध्येच आहे; खोट्या पत्त्यांआडून होणारे हल्ले त्यामुळे रोखता येतात.

यावरचा प्रचलित सल्ला म्हणजे प्रत्येक लाइनसाठी वेगळं राउटिंग टेबल करा आणि ‘आयपी रूल’ने सांगा, की या पत्त्यावरून निघालेलं पॅकेट या टेबलात बघ. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. राउटरवरच चालणाऱ्या सेवेला तो पुरतो. राउटरच्या मागे बसलेल्या कॅमेऱ्याला पुरत नाही, कारण रस्ता ठरतो त्या क्षणी पॅकेटवर कॅमेऱ्याचा खासगी पत्ताच असतो. बाहेरचा पत्ता नंतर चढतो. म्हणून कनेक्शन आत येतानाच त्यावर खूण करावी लागते, उत्तराच्या पॅकेटवर ती खूण परत आणावी लागते आणि त्या खुणेवर रूल लिहावा लागतो. आयपीटेबल्समधलं ‘कॉनमार्क’ हे काम करतं. अनेकांची गाडी नेमकी इथे अडते.

हे सगळं करूनही पॅकेट गायब होत असेल, तर दुसरा गैरसमज आड येतो. ‘टीसीपीडंप’ या पॅकेट दाखवणाऱ्या साधनात पॅकेट दिसलं म्हणजे ते पोचलं, असं समजलं जातं. टीसीपीडंप ते अगदी दारातच बघतं. त्यानंतर कर्नल एक तपासणी करतो: या पत्त्याला उत्तर द्यायचं झालं तर ते याच इंटरफेसवरून जाईल का? नाही म्हटलं की पॅकेट गुपचूप फेकलं जातं. ही तपासणी ‘आरपी फिल्टर’ची. त्याची किंमत १ असेल तर ती कडक, २ असेल तर सैल, ० म्हणजे बंद. ‘ऑल’ आणि त्या इंटरफेसची, अशा दोन किमतींतली मोठी लागू होते, त्यामुळे एकच बदलून भागत नाही. दोन लाइनच्या राउटरवर २ ठेवणं मला योग्य वाटतं. शोध घेताना ‘लॉग मार्शियन्स’ चालू केलं की फेकलेल्या पॅकेटची नोंद लॉगमध्ये दिसते.

तिसरा गैरसमज वेगाचा. शंभर आणि शंभर एमबीपीएसच्या दोन लाइन मिळून एक डाउनलोड दोनशेने होत नाही. एक टीसीपी कनेक्शन एकाच पत्त्याला बांधलेलं असतं; वाटणी होते ती वेगवेगळ्या कनेक्शनची. बँकेला मात्र एकाच ग्राहकाचे दोन पत्ते दिसले तर ती सत्र तोडू शकते. अशा साइट एकाच लाइनवर बांधून ठेवाव्यात.

लाइन बदलण्याबद्दलही असाच भाबडेपणा आहे. कंपनीच्या डब्याचे दिवे हिरवे असले तरी पुढे खोदकामात फायबर तुटलेली असू शकते, म्हणून तपासणी डब्यापलीकडच्या एखाद्या पत्त्यावर, प्रत्येक लाइनवरून वेगळी व्हायला हवी. आणि लाइन बदलली तरी जुनी कनेक्शनं बदलत नाहीत. आयपी फोन तेच पोर्ट वापरून सतत नोंदणी करत राहतो, त्यामुळे राउटरमधली त्याची जुनी नोंद संपतच नाही आणि पॅकेटवर बंद पडलेल्या लाइनचा पत्ता चढत राहतो. ‘कॉनट्रॅक’मधून ती नोंद पुसली की फोन लागतो.

दोन्ही कंपन्यांचे डबे १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर असतील तर आधी एकाचा पत्ता बदला. कंपनीने दिलेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्याने सुरू होत असेल तर तो कंपनीच्या सामायिक नॅटमागचा आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगची कितीही खटपट केली तरी बाहेरून कॅमेरा उघडणार नाही. अशा वेळी कंपनीकडे स्टॅटिक पत्ता मागा.

आणि अडलंच तर सेटिंग बदलत बसण्याआधी ‘आयपी रूट गेट’ ही आज्ञा चालवा. तिला कुठे जायचं, कुठून आलं, कोणत्या इंटरफेसवर आणि कोणत्या खुणेसह, हे सगळं सांगा. कर्नल कोणती लाइन निवडतोय ते ती एका ओळीत दाखवते.