परसातील पपनस : जतन आणि संवर्धन

रायगडाच्या पायथ्याशी वसलेले पाचाड राजमाता जिजाबाईंच्या समाधीमुळे सर्वपरिचित आहे. महाड तालुक्यातील या परिसरात जमीन तांबडी व उताराची असून पावसाळ्यात अतिवृष्टी होते. संत्रे-मोसंबीस ही हवा मानवत नाही. त्यांच्याच वर्गातील पपनस मात्र उष्ण, दमट हवेत उत्तम वाढते. लिंबूवर्गातील सर्वांत मोठे फळ याच झाडाचे. तरीही त्याची पद्धतशीर लागवड क्वचितच होते; परसात एखादे झाड, एवढेच.

बी नव्हे, गुटी

कागदी लिंबाच्या बीत अनेक गर्भ असल्याने बहुतेक रोपे मातृवृक्षासारखी निपजतात. पपनसाच्या बीत एकच, परागीभवनातून झालेला गर्भ असतो. त्यामुळे गोड फळाच्या बीपासून कडू फळाचे झाड येऊ शकते आणि ते कळण्यास अनेक वर्षे जातात. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील असंख्य जुनी फळझाडे उन्मळून पडली. अशा प्रकारे उत्तम पपनस कोसळले, तर त्याचा गुणही त्याच्याबरोबरच नाहीसा होतो.

यावर उपाय गुटी कलमाचा. पावसाळ्याच्या प्रारंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडून तिची सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद साल वर्तुळाकार काढावी. त्या जागी ओले शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधावे. सुमारे दोन महिन्यांत मुळे दिसू लागली, की फांदी कापून पिशवीत लावावी व सावलीत वाढवावी. कलमाची लागवड पुढील पावसाळ्यात करावी.

निचरा महत्त्वाचा

दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवावे. खड्डा शेणखत व मातीने भरून झाडाभोवती उंचवटा करावा व पाण्यास वाट काढून द्यावी. मोरीचे पाणी बुंध्याशी साचू देऊ नये. साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात व खोडातून डिंक वाहू लागतो. प्रतिबंधासाठी पावसाळ्यापूर्वी एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो मलम खोडास लावावे. वाळलेल्या फांद्या व जोमाने सरळ वाढणारे पाणसोट काढून टाकावेत. कोवळ्या पालवीवरील नागअळी व पाने खाणाऱ्या अळीवर लक्ष ठेवावे.

गावाचा वाटा

ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील गोड फळाच्या झाडांची नोंद ठेवावी. शिक्षकांनी घरमालकांच्या संमतीने विद्यार्थ्यांकडून त्यांची गुटी बांधून घ्यावी व कलमे शाळेच्या आवारात लावावीत. एका परसातील गुण अशा रीतीने चार ठिकाणी रुजला, म्हणजे एका वादळाने तो नाहीसा होणार नाही.