खंगणे : बरे होणारे आणि न होणारे



गटात फिरताना आम्हाला घरोघरी ऐकू येते, "म्हातारा खंगत चाललाय, आता काही खरं नाही." पण दर वेळी तसे नसते.

पाण्यावाचून सुकलेला ऊस पाणी मिळताच उभारी धरतो. मर लागलेल्या उसाला कितीही खत-पाणी द्या, तो सुधारत नाही. माणसाचेही तसेच आहे. क्षयात माणूस झिजतो, म्हणून तर त्याचे नाव क्षय. त्याचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधले. आज साधारण ६ महिने नेमाने औषध घेतले तर बहुतेक रोगी बरे होतात, वजनही भरते. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. आहारासाठी दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत.

कॅन्सर बळावला की गोष्ट वेगळी. तिथे रोगच भूक मारतो आणि अंगावरचे मांस जाळतो. नुसत्या खाऊ घालण्याने ते परत येत नाही. अशा वेळी बळेच घास भरवू नये, ठसका लागतो. मागेल ते थोडे थोडे द्यावे, ओठ ओले ठेवावेत, वेदनेवर डॉक्टरांकडून औषध घ्यावे. "आमचंच खाऊ घालणं कमी पडलं," असा बोल घरच्या बायांनी स्वतःला लावू नये.

मात्र यातले कोणते खंगणे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. ६० किलोचा माणूस ६ महिन्यांत कारणावाचून ५७ वर आला, तर लगेच तपासणी करावी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचे रुग्णालय आहेच. काट्यावर उसाचे वजन आपण डोळ्यांत तेल घालून बघतो, तसे घरच्या माणसाचेही बघावे.