रात्री साडेबारापर्यंत जागायचं कशासाठी? हिवाळी ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा समजून घेऊया

रोह्याहून तुमच्याशी बोलतोय. दिवा-रोहा मेमूच्या गर्दीत ज्यांना ऐकू येत नाही आणि ज्यांना वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

विषय आहे बर्फाचा. आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर मासळीवाल्याच्या टोपलीतला. हिवाळी ऑलिम्पिकशी आपला काय संबंध? प्रश्न बरोबर आहे. भारताला हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आजवर एकही पदक मिळालेलं नाही. तरीही यंदाचा उद्घाटन सोहळा बघा असं मी सांगणार आहे, आणि का ते पण सांगतो.

आधी वेळ लक्षात ठेवा. सोहळा इटलीत मिलान शहरात आहे, ६ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार, तिथल्या रात्री आठला. आपलं घड्याळ साडेचार तास पुढे. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारची रात्र संपून शनिवारचे साडेबारा वाजलेले असतील. शनिवारी रात्री मोबाईल उघडून बसलात, तर सोहळा होऊन गेलेला असेल.

मुख्य कार्यक्रम सान सिरो स्टेडियमवर. फुटबॉल बघणाऱ्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. इंटर आणि एसी मिलान, दोघांचंही हे मैदान, १९२६ साली सुरू झालेलं. पण यंदाची गंमत अशी की सोहळा एकाच जागी होणार नाही. या स्पर्धा उत्तर इटलीत दूरदूरच्या डोंगरांत विखुरल्या आहेत. मिलान ते कोर्तिना हे अंतरच साधारण ४०० किलोमीटर. खेळाडूंची दमछाक नको म्हणून मिलानसोबत कोर्तिना, लिविन्यो आणि प्रेदात्सो या ठिकाणीही त्याच वेळी संचलन होईल. ज्योतीही दोन पेटतील, एक मिलानच्या 'आर्को देला पाचे' या कमानीपाशी आणि दुसरी कोर्तिनाच्या चौकात.

आता मुद्द्यावर येतो. नाचगाणी, रोषणाई हे सगळं असतंच. पण सोहळ्याचा गाभा म्हणजे देशांचं संचलन. रोहेकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सलामी देतात, आणि मग प्रत्येक आळी आपल्या दारात पालखी कधी येते याची वाट बघत बसते. आपल्या दारात ती काही क्षणच थांबते, पण सगळी वाट त्या क्षणांसाठीच बघितलेली असते. संचलनात आपल्या देशाची वाट बघणं थोडंफार तसंच.

तर भारत कधी येणार? पहिला मान ग्रीसचा, कारण प्राचीन ऑलिम्पिक तिथलं. शेवटचा मान यजमानांचा, म्हणजे इटलीचा. मधले देश यजमानांच्या भाषेतल्या वर्णक्रमाने. इटालियन भाषेतही 'इंडिया'च म्हणतात, त्यामुळे आपण 'आय' अक्षरावर. पण जपानला ते 'जाप्पोने' म्हणतात आणि त्याची सुरुवात 'जी'ने होते. म्हणून इंग्रजी क्रमात आपल्यामागे असणारा जपान इथे आपल्या आधी येईल. २०२२ मध्ये बीजिंगला तर चिनी अक्षर लिहायला किती फटकारे लागतात, त्यावरून क्रम लावला होता!

शेवटी इटलीच्या अगोदर अमेरिका आणि फ्रान्स दिसतील. कारण पुढचे यजमान ते. २०३० चं हिवाळी ऑलिम्पिक फ्रान्समधल्या आल्प्समध्ये, २०३४ चं अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला. आणि या दोन्हींचं यजमानपद एकत्रच द्यायचं, हे तत्त्वतः कुठे ठरलं माहितीये? आपल्या मुंबईत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन बीकेसीत भरलं होतं, तिथे.

पण आपल्या झेंड्यामागे चालायला मिळणं गृहीत धरता येत नाही. सोची, रशिया, ७ फेब्रुवारी २०१४. भारताचे तीन खेळाडू मैदानात आले: शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल. तिरंगा नव्हता, पुढे ऑलिम्पिकचा पाच वर्तुळांचा झेंडा होता. कारण? भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या निवडणुकांवरून वाद झाला आणि डिसेंबर २०१२ मध्ये तिला निलंबित केलं गेलं. ते निस्तरायला नव्याने निवडणूक घ्यायची होती. ती झाली ९ फेब्रुवारीला. उद्घाटनानंतर दोनच दिवसांनी!

११ तारखेला निलंबन उठलं. हिमांशू आणि नदीम यांच्या शर्यती बाकी होत्या, ते भारताचे म्हणून उतरले. पण शिवा केशवनची ल्यूज स्पर्धा, म्हणजे पाठीवर झोपून घसरगाडीवरून बर्फाच्या नळीतून सुसाट खाली यायचं, ती ८ आणि ९ तारखेलाच उरकली होती. १९९८ ते २०१८, सलग सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळलेला हा माणूस. त्याची सोचीतली कामगिरी तिरंग्याशिवायच नोंदली गेली. खुर्चीवरच्यांचा घोळ आणि भोगलं खेळाडूने.

दुसरी गोष्ट बीजिंगची. गलवानच्या चकमकीतला चिनी लष्करी अधिकारी मशाल घेऊन धावला, म्हणून भारताने सोहळ्यावर राजनैतिक बहिष्कार टाकला. दूरदर्शननेही थेट प्रक्षेपण केलं नाही. त्या सोहळ्यात भारताचा एकच खेळाडू होता, गुलमर्गजवळच्या तंगमर्ग भागातला आरिफ खान. त्याने तिरंगा धरला आणि तो चालला. नंतर जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला.

यंदाही आरिफ आहे, आणि सोबत लडाखचा स्टँझिन लुंडुप. आरिफ उतारावरचं स्कीइंग करतो, स्टँझिन क्रॉस-कंट्री, म्हणजे बर्फावरची लांब पल्ल्याची शर्यत. पुरुषांची उताराची शर्यत बोर्मियोला, क्रॉस-कंट्री तेसेरोला. दोन्ही गावं मिलानपासून लांब. म्हणून फक्त सान सिरोकडे डोळे लावून बसू नका, डोंगरातल्या ठिकाणांची दृश्यं दाखवतील तीही बघा.

आणि रशियाचे खेळाडू शोधू नका. जे काही मोजके येणार आहेत ते तटस्थ म्हणून, देशाच्या नावाशिवाय. संचलनात त्यांना जागाच नाही.

पदकांच्या तक्त्यात पहिला आणि ४५ वा यांच्यात जमीनअस्मानाचा फरक असतो. संचलनात मात्र शंभर खेळाडूंच्या देशालाही एक झेंडा आणि दोन खेळाडूंच्या देशालाही एकच. आपले काही सेकंदच असतील. सोचीत तेवढेही मिळाले नव्हते.

तेव्हा शुक्रवारी जेवून थोडी झोप काढा, सव्वाबाराचा गजर लावा, मोबाईल चार्ज करून ठेवा. 'एच' अक्षर सुरू झालं की चहा-पाण्याला उठू नका. पुढचं अक्षर आपलं आहे. भेटू पुढच्या भागात!