वाकवलेला पाइप आणि उसाची पाळी



विहिरीवरून उसाला पाणी नेताना वाटेत बांध येतो, ओढा येतो आणि पाइप वळवावा लागतो. तयार बेंड आणायला तालुक्याला कोण जाणार? मग पाचट पेटवायचे, पी.व्ही.सी.चा पाइप वर धरायचा आणि मऊ झाला की गुडघ्यावर वाकवायचा. काम पाच मिनिटांत होते. पुढे ऐन वैशाखात पाळी चालू असताना पाइप फुटतो, तो बहुधा त्याच जागी! असे का, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पाइप वाकवला की वळणाची बाहेरची बाजू ताणली जाते. आहे तोच माल जास्त लांबीला पुरवावा लागतो, म्हणून तिथली जाडी घटते. आतल्या बाजूला माल दाबला जाऊन जाडी वाढते, कधी चुण्या पडतात. मधली पोकळी गोल न राहता चपटी होते.

आता हिशेब पाहा. वळणाची त्रिज्या पाइपाच्या बाहेरील व्यासाच्या तिप्पट ठेवली, तर बाहेरच्या बाजूची जाडी साधारण 14 टक्के घटते. दीडपटच ठेवली तर घट 25 टक्के. म्हणजे 4 मिलिमीटरचा पाइप तिथे 3 मिलिमीटर उरतो. पाणी 30 मीटर उंच चढवायचे, तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 3 किलो दाब असतोच. शिवाय लाइट गेल्यावर परत फिरणाऱ्या पाण्याचा दणका बसतो, तो निराळाच.

पोकळी चेपून वाट निम्मी झाली, तर तेवढेच पाणी तिथून दुप्पट वेगाने जावे लागते आणि त्या जागी दाबाची घट सुमारे चौपट होते. मोटर तीच, वीज तीच, पण सरीत पाणी कमी. पाइपाचे तोंड तापवून दुसऱ्यावर चढवतानाही हाच प्रकार होतो. तोंड फुगते आणि कड पातळ होते.

तेव्हा उपाय असा. पी.व्ही.सी.ला पाइपावर छापलेल्या दाबाचाच तयार बेंड लावावा. जाळावर माल करपतो, त्याचा धूरही अपायकारक. साधा लोखंडी पाइप तापवून वाकवायचा तर जाणत्या कारागिराकडूनच. तो आत कोरडी वाळू ठासून भरतो. वाळू ओली असेल तर वाफ होऊन बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते. पाइपाचा सांधा वळणाच्या बाहेर किंवा आत न ठेवता कुशीला ठेवावा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप मात्र तापवू नये.

बॉयलरच्या वाकवलेल्या नळीतून गोळी सोडून पाहण्याची रीत आहे. गोळी अडली की पोकळी चेपली हे कळते. आपणही जोडण्यापूर्वी वळणातून पोकळीपेक्षा किंचित लहान लाकडी गोळा सोडून पाहावा.

बेंडाचे चार पैसे वाचवताना उन्हाळ्यातली एक पाळी हुकली, तर ते नुकसान काट्यावर दिसते, एवढेच आमचे सांगणे.