वारीच्या वाटेवर मुरगळलेला पाय

आपल्या सोनपेठशेजारच्या गंगाखेडवरून शेगावची पालखी पंढरपुरास जाते. वाटेत कुणाचा पाय मुरगळला, की ‘तेल लावून चोळा’ असा सल्ला लगेच मिळतो, आणि वारी चुकू नये म्हणून तो वारकरी लंगडत चालतच राहतो. परंतु मुरगळणे म्हणजे सांध्याचे बंध ताणले जाणे किंवा तुटणे; ताज्या दुखापतीवर चोळल्याने सूज वाढते. प्रथम बसावे, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, पट्टी बांधावी, पाय उंचावर ठेवावा. हाड मोडले असेल काय? कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडलेली कसोटी सोपी आहे: चार पावले टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबताच दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी. दोन मुक्काम दिंडीच्या ट्रकमधून करण्यात कमीपणा नाही. पुढल्या आषाढीस हेच पाय लागणार आहेत.