मिरगाचं वाहन कोण ठरवतं?

रोहिणी सरत आली की जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्यासारख्या गावात एक प्रश्न हमखास निघतो: औंदा मिरगाचं वाहन काय? पंचांगात उत्तर छापलेलंच असतं. म्हैस, हत्ती, बेडूक म्हणजे भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा म्हणजे ओढ. पण हे जनावर येतं कुठून? थेट आकाशातून, आणि ते कुणालाही बोटांवर मोजून काढता येतं!

सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या क्षणी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत, दोन्ही धरून, मोजायचं आणि नवाने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव. काहीच उरलं नाही तर हत्ती.

2024 चा मृग घ्या. 6 जूनला अमावस्या झाली होती, म्हणून सूर्य मृगात आला तेव्हा चंद्र जेमतेम पुढच्या आर्द्रात पोचला होता. मोजणी दोन, वाहन कोल्हा. साधारण दोन आठवड्यांनी सूर्य आर्द्रात गेला, तेव्हा पौर्णिमा तोंडावर होती आणि चंद्र मूळ नक्षत्रात. मोजणी चौदा, बाकी पाच: मोर. सूर्य-चंद्रामधल्या अंतराची आठवण आपल्या लोकांनी अशी गोठ्यातल्या नि रानातल्या जनावरांवर सोपवली.

पाऊस मात्र सह्याद्री ठरवतो. पंचांगातलं वाहन साऱ्या जुन्नर तालुक्याला एकच. तरी समुद्राकडून आलेले ढग कडा चढताना माळशेजला झोडपून काढतात आणि पूर्वेचं आणे पठार वाट बघत राहतं. डिंगोरे या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतं.

काळ जनावरांच्या नावाने मोजायची हीच युक्ती चीनलाही सुचली. तिथे उंदरापासून डुकरापर्यंत बारा प्राणी आहेत. दिवसाचे बारा भागही त्यांचेच: रात्री अकरा ते एक उंदराचा प्रहर, भर दुपारी घोड्याचा. वर्षंही त्यांच्याच नावाने चालतात. सूर्याभोवती फिरायला गुरूला साधारण बारा वर्षं लागतात, त्याच्याशी या बाराचा संबंध जोडला जातो. या बारांना दहाच्या दुसऱ्या मालिकेशी जुळवलं की साठ वर्षांचं चक्र पुरं होतं.

साठ! आपली संवत्सरंही प्रभवपासून क्षयपर्यंत साठच. दोन्ही चक्रांची सुरुवात वेगळ्या वर्षी होते, पण फेरा सारखा असल्याने जोड्या मोडत नाहीत. 2026 हे चीनमध्ये अग्नी-अश्वाचं वर्ष. आपल्याकडे त्याच साली पाडव्याला पराभव संवत्सर लागतं. 1966 सालीही हीच जोडी होती आणि 2086 साली पुन्हा हीच येईल.